सौम्य बळाचा वापर

अण्णा, तुमच्या नातीनं पळायला जाणं सोडलंय. उजाडायच्या आत दाराची कडी वाजायची, बुटांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, आणि मंग मी कूस बदलायचो. आता नुसता जागा असतो. तुमच्यासारखी पोलिसाची वर्दी घालायची म्हणून पोरगी मैदानावर घाम गाळत होती. भरती सारखी पुढं ढकलली जाऊ लागली, पोरांची वयं उलटून चालली, तेव्हा अभ्यासिकेतली सगळी कलेक्टर कचेरीसमोर जाऊन बसली. हीपण बसली. मी डबा घेऊन गेल्तो. एक साहेब बाहेर आले अन् म्हणाले, "निवेदन द्या, फोटो काढा, घरी जा." मागून एक पोरगा ओरडला, "फोटो मागच्या वेळचाच चालवा साहेब, कपडे तेच हायेत." सगळे हसले, मीही हसलो. साहेब तेवढे हसले नाहीत.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. मोटार चालू केली की बेअरिंग गेलंय का कॉइल, हे मी कानानं सांगतो. त्या कानांवरच घर बांधलं. त्या दुपारी आधी शिट्टी ऐकली, मंग पळापळ, मंग लाठ्या. आपण आष्टीला होतो तेव्हा तुम्ही चुलीपुढं जेवताना सांगायचात, "पोरांवर उगारायची, पण हाणायची जमिनीवर. आवाज मोठा झाला पाह्यजे अन् पोरगं धड घरी गेलं पाह्यजे." आई म्हणायची, "मंग सरकार पगार काय जमीन बडवायचा देतंय का?" तुम्ही तोंडातला घास सांभाळत हसायचात. डांबरावर पडलेल्या लाठीचा आवाज कोरडा, टणक असणार. मी पाना हातात धरून तो आवाज शोधत उभा राहिलो. तो आला नाही. येत होता तो ओली गादी झोडपल्यासारखा.

नातीचं मनगट मोडलं. संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, सौम्य बळाचा वापर केला. दुसऱ्या दिवशी कळलं, गुन्ह्यात तिचंही नाव आहे. ठाण्यात गेलो. तिथले साहेब शिपाई असताना तुमच्या हाताखाली होते. खुर्ची दिली, चहा मागवला.

"अण्णांची नात म्हणजे माझीच पोरगी. पण मी काय करू? व्हिडिओत दिसून राह्यली."

"काय करताना दिसती?"

"पडलेल्या पोरीला उचलताना."

"मंग?"

"मंग काय? जमावात हाये न."

आयुष्यभर भावात घासाघीस केलेला माणूस मी, तिथं चहा पिऊन उठलो. चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघाला की वर्दीचं काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगू? वकील म्हणतो, "सुटेल बराबर." त्याच्या आवाजात बेअरिंग गेलंय. खटला निकाली निघेपर्यंत तिचं वय निघून जाईल, हे त्याला ठाऊक आहे, मला आहे, तिलाही आहे.

काल तिनं तुमचा वर्दीतला फोटो भिंतीवरून उतरवला. मला विचारलं, "बाबा, आजोबा खरंच जमिनीवर मारायचे?"

"बिलकुल. तुझ्या आजीला विचारलं असतंस तर तिनंच सांगितलं असतं."

तिनं फोटो पालथा ठेवला. आई चुलीपुढं असायची, अण्णा. बंदोबस्ताला तुमच्यासंगं आमच्यातलं कोणी कधी आलंच नव्हतं. तुम्ही गेलात तिथला पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. तुम्ही खरं उत्तर द्याल, याची मला भीती वाटते.