पाय सरळ आहे का

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ऑपरेशनच्या टेबलाच्या पायथ्याशी उभी राहिले की तुमचा आवाज येतोच. श्रीरामपूरच्या त्या लहानशा दवाखान्यात मी तुमच्या हाताखाली हाडांची ऑपरेशनं शिकायला नवी होते. तुम्ही जामखेडकडचे, चिडवताना मुद्दाम गावाकडचं बोलायचात. "कॉन्व्हेंटच्या बाई, वहीत समास आखता तसा पाय सरळ आला पायजे. दिसतोय म्हंजी हाय, असं न्हाई." मी रडवेली होऊन पुन्हा मोजायचे, आणि बाहेर यायचे तेव्हा तुम्ही माझ्यासाठी अर्धा कप चहा बशीनं झाकून ठेवलेला असायचा.

आज सकाळी नेवाशाकडच्या एका आजींचा गुडघा बदलला. पाय बाहेरच्या बाजूला चांगलेच वाकलेले. हाडं कापली, तात्पुरता सांधा बसवून पाहिला, मला पाय सरळ दिसला. आता हात आपोआप चालतो आणि डोळाही स्वतःवर खूश असतो. मी सांधा हाडाला कायमचा चिकटवायचं सिमेंट कालवायला सांगणार, एवढ्यात माझी ज्युनिअर, एरवी चकार शब्द न काढणारी, म्हणाली, "मॅडम, रॉड एकदा परत लावू या?" मी तिला सगळ्यांसमोर झापलं, आणि केवळ तिला गप्प करायला पायाची रेघ तपासायचा तो लांब रॉड लावला. त्याचं टोक घोट्याच्या मध्यावर यायला हवं. ते बाजूला गेलं होतं. तसंच सिमेंट धरलं असतं तर सांधा तिरका राहिला असता, एकाच बाजूनं झिजला असता, आणि या वयात आजींना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं असतं. हाड किंचित तासून सांधा नीट बसवला. दुपारी एक्स-रे आला. रेघ सरळ. मी बाहेरच्या बाकावर मटकन बसले आणि कितीतरी वेळ नुसती हसत होते.

संध्याकाळी आजी पायाकडे बघत म्हणाल्या, "ह्यो माजाच हाय ना? सासू जलमभर फेंगडी म्हनली मला. आता बघाया ती न्हाई." सगळे हसले. त्यांचा मुलगा हात जोडून मला म्हणाला, मॅडमचा हात लई अनुभवाचा.

एकदा मी भीत भीत तुमची चूक दाखवली होती. त्या दिवशी तुम्ही पेशंटच्या भावाला हाताला धरून माझ्यापुढे आणलंत आणि म्हणालात, "हिचे आभार माना." आज मी नुसती मान हलवली. ती पोरगी शेजारीच उभी होती. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते: तिचं नाव ओठांवर आलं होतं, सर, आणि मी ते गिळलं.