मी केलेली नणंद

४ मार्च
आले एकदाची सासरच्या बेटावर. राजधानीत, तारावाच्या दाटीत नुसती घुसमटत होते. नवऱ्याचं, कौतूचं घर अगदी पाण्याला लागून, दारात नारळ, पावसाच्या पाण्याची टाकी अर्धी भरलेली. आमची पोर तेरेतिया होडीतून उतरली ती थेट खेकड्यांमागे पळाली. सासू नाही, नणंद नाही, घरात माझंच राज्य. नवरा म्हणतो, राणीसाहेब, आधी मासे साफ करा.

९ मार्च
सकाळी एक होडी वाहत आली. आत एकटी बाई, ओठ फुटलेले. कुठल्या बेटाची, सांगत नाही. कौतूने तिला उचलून घरी आणलं. तिचे हात त्याच्या गळ्यात होते, मला तेवढंच दिसलं. पावसाचा पत्ता नाही, टाकी तळाला चाललीय. मी म्हटलं, आपल्या पोरीला काय पाजायचं? तो म्हणाला, मग हिला काय तहानेने मरू द्यायचं? पटलं. जळलेही.

१४ मार्च
ती हसली की हा हसतो. तिला शहाळी सोलून देतो, मला कधी दिली नाहीत. अंगाचा नुसता तिळपापड होतो. तिची चटई मात्र दिवसभर उन्हात घातली तरी ओलीच. समुद्राचा वास येतो.

१६ मार्च
आज काटा काढला. सभाघरात सगळ्यांदेखत तिच्या केसांना तेल लावलं आणि म्हणाले, ही आजपासून कौतूची बहीण. म्हातारी मंडळी म्हणाली, सुनेचं मन केवढं मोठं. आता बघू कसा बघतो तिच्याकडे. तो मान खाली घालून बसला. ती मात्र माझ्याकडे बघून हसली.

१७ मार्च
नात्यातल्या माणसाने मागितलं की आपण नाही म्हणत नाही. परकी होती तोवर तिला काही मागता येत नव्हतं. तो हक्क मीच दिला. आज माझी चटई मागितली. दिली. लगेच ओली झाली.

१९ मार्च
टाकीतलं पाणी मागितलं. उरलेलं सगळं खारट झालंय. तेरेतिया पाणी पाणी करते. कौतूला म्हटलं, हाकल हिला. म्हणाला, नणंद तू केलीस, तूच निस्तर.

२० मार्च
तेरेतियाला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचे केस ओले— आपल्यात बहीण भावाचं मूल मागते, वाढवायला. भाऊ देतो. हिने मागू नये. देवा, एवढं—

२१ मार्च
मागितलं. कौतूने होकाराची मान डोलावली. भिंतींच्या जागी असलेले चटयांचे पडदे खाली ओढून दोऱ्यांनी बांधलेत. पोर माझ्याजवळ. अंग गार, ओलं. बाहेर ती हाक मारतेय, माझ्याच आवाजात—

दोरी तेरेतियाच सोडतेय. हसतेय तिच्याकडे बघून. माझ्याकडे बघून कधी अशी—