दगडफूल लाईव्ह

१२ जानेवारी, सकाळी
ठरलं. दगडफूल बँडचा लाईव्ह अल्बम काढायचा. कॉलेजात सुरू केलेला बँड, आता तिघांचेही केस पिकले आणि नावावर एक रेकॉर्डिंग नाही. माझ्या माहितीत अख्ख्या बीड जिल्ह्यात अकूस्टिक रॉक वाजवणारे आम्हीच. नावामुळे वडवणीत काही लोक अजून आम्हाला मसालेवाले समजतात. कलाकाराला हे सोसावं लागतं.

मी गिटार आणि आवाज. माऊली दुसरी गिटार, एरवी झेडपीच्या शाळेत मास्तर. चाँद ठेका, एरवी स्टँडसमोर फळांचा गाडा. ठेका आंब्याच्या रिकाम्या खोक्यावर धरतो. परदेशात असली पेटी लोक विकत घेतात.

बायकोला सांगितलं. रोहिणी म्हणाली, ऐकणार कोण हाय? संकुचित विचार.

१९ जानेवारी
प्रॅक्टिस. माझी सगळी गाणी महानगरातल्या एकटेपणावर. अनुभवाचा विषय. पुण्याला कोर्ससाठी दोन महिने होतो.

चाँद म्हणाला, मीबी एक गाणं केलंय, घेऊ का? गिऱ्हाइकांवर आहे म्हणे. समजावलं की तुझा आवाज गाड्यावर ठीक, अल्बमला टेक्श्चर लागतं. तो खोकं पुसायला लागला. पटलं असावं.

संकल्प : कॉन्सर्टपर्यंत रोज रियाज. तळलेलं बंद.

२४ जानेवारी
रियाज नाही. आवाजाला विश्रांती हवी. भजी गरम होती.

३ फेब्रुवारी
काल दुपारी मंगल कार्यालयात कॉन्सर्ट. रेकॉर्डिंगला मुजाहिद. लग्नांचं शूटिंग करतो, म्हणजे लाईव्हचा अनुभव दांडगा. हॉल अर्धा भरला. मसाल्याचा स्टॉल कुठंय असं दोघांनी विचारलं, ते सोडून देऊ.

तिसऱ्या गाण्यात माझ्या गिटारची तार तुटली. नवी लावायला मागे भांड्यांच्या खोलीत गेलो. पब्लिक चुळबुळायला लागलं म्हणून माऊलीनं माईक चाँदपुढे सरकवला. त्यानं ते गाणं म्हटलं. पपई दाबून, वास घेऊन, भाव विचारून तशीच ठेवून जाणाऱ्या माणसांचं. लोक हसत होते. वाईट वाटलं बिचाऱ्यासाठी. मग सगळेच त्याच्याबरोबर म्हणायला लागले. पब्लिकला शिस्त नाही.

तार लावून झाली होती. पण गाणं संपेपर्यंत मी बाहेर गेलो नाही. का म्हणून, सांगता येत नाही.

९ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग ऐकलं. माझ्या गाण्यांमध्ये पब्लिकचं बोलणं फार स्वच्छ आलंय. सगळ्यात नाजूक जागी एक जण फोनवर सांगतोय, जेवण न्हाई रे, नुसती गिटार वाजवायलेत. यालाच लाईव्ह म्हणतात.

चाँदच्या गाण्यात फोनवर कुणीच नाही. मुजाहिद म्हणाला, ह्येच चालंल बघा. ते गाणं काढून टाकायला सांगितलं. अल्बमचा मूड बिघडतो.

२ मार्च
अल्बम इंटरनेटवर आला. ऐकणारे हळूहळू वाढतील. सध्या मी, माऊली आणि परत मी.

चाँद प्रॅक्टिसला येत नाही. रस्त्यात भेटला की मला नुसतं भारत न म्हणता भारतराव म्हणतो. वयाबरोबर माणसाला अदब येते. द्राक्षांचा सीझन आहे, वेळ नसेल. माऊली म्हणाला, सीझन न्हाई, तू त्याचं गाणं कापलंस. मास्तर लोकांना चुका काढायची सवयच.

१६ मार्च
मुजाहिदनं ते कापलेलं गाणं परस्पर लोकांच्या मोबाईलवर पाठवलंय. पार पाटोद्यापर्यंत पोचलं. रोहिणी भाकरी थापताना तेच म्हणते. थापण्याचा ठेका बरोबर बसतो, हे मान्य.

माझं एकही गाणं तिला येत नाही. आज विचारून पाहिलं.

१७ मार्च
घाटनांदूरहून फोन. जत्रेत कार्यक्रम करा म्हणाले. म्हटलं, करू की, महानगराची सगळी गाणी तयार आहेत. पलीकडून विचारलं, पपईवाले तुमीच का? फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हटलं, मी त्यांचा गिटारवाला.

१८ मार्च, संध्याकाळी
चाँदच्या गाड्यावर गेलतो. समजूत काढायला भाषण पाठ केलं होतं, त्यात कलेची व्यापक भूमिका वगैरे होती. तो एका म्हाताऱ्याला चिकू तोलून देत होता. भाषण आठवेना. एवढंच म्हणालो, चुकलं माझं, घाटनांदूरला तुझं गाणं मागतायत.

तो चिकूच तोलत राहिला. मग म्हणाला, माझ्या गाण्याची पट्टी कोणती हाय, म्हाईत हाय का तुला? माहीत नव्हती. म्हणाला, उद्या सकाळी ये बे, शिकवतो. तू फकस्त वाजवायचं. तोंड उघडायचं न्हाई.

बरं म्हणालो.