लांब्याची राखीव खुर्ची

चिरंजीव लांब्यास, आशीर्वाद.

वयाने तू माझ्याहून मोठा आहेस हे मला ठाऊक आहे, तेव्हा 'चिरंजीव' वाचून लगेच भुवया चढवू नकोस. तसं लिहायला कारण आहे, ते पुढे येईल. तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? सूनबाई गोड खाऊ देते की अजून बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवते? (तुझा हात तिथे पोचणार नाही असं तिला वाटतं. तुला लांब्या का म्हणतात हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही.) आम्ही तिघेही मजेत आहोत. माझं चष्म्याचं दुकान चालू आहे, म्हणजे मी ते रोज उघडतो. मास्तर निवृत्त झाला तरी समोर येईल त्याला चित्रकला शिकवतोच आहे. कंपाउंडर नेहमीसारखाच कशाला ना कशाला घाबरलेला आहे. तुझं पत्र परवा मिळालं. तू मंगळवारी येतोयस, स्टेशनवरून बॅग घेऊन थेट आपल्या हॉटेलात येणार, आपल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसणार, आणि मालकाला भोपळ्याचं सूप तयार ठेवायला सांगायचं, हे सगळं वाचलं. फार आनंद झाला. लांब्या, येऊ नकोस.

म्हणजे गावात ये. माझ्या घरी ये, राहा, पाय पसर, हवं तर माझी उशी घे. पण हॉटेलात पाऊल टाकू नकोस. का, ते पहिल्यापासून सांगतो. मधूनच सांगितलं तर तू मलाच दोष देशील. पहिल्यापासून सांगितलं तरी देशील म्हणा, पण निदान उशिरा देशील.

तू मुलाकडे राहायला गेलास त्याच्या पुढच्याच मंगळवारची गोष्ट. आम्ही तिघं आपल्या वेळेला हॉटेलात गेलो, तर विजेने आम्हाला वाटेतच अडवलं. (वीज म्हणजे आपला तोच वेटर. पाण्याचा ग्लास आणायला निघाला की आपण एकमेकांच्या घरच्या सगळ्यांची चौकशी करून मोकळे व्हायचो, तो.) इतक्या वर्षांत जो माणूस आपल्याकडे कधी धावत आला नाही, तो त्या दिवशी धावत आला, आणि कशासाठी, तर मालकाचा नियम सांगायला. चौघांचं टेबल चौघांनाच. तिघं असाल तर हात धुण्याच्या बेसिनशेजारच्या बाकावर बसा. तो बाक तू पाहिला आहेस. समोर भिंत, पाठीला बेसिन, आणि मागे कुणी चूळ भरली की आपल्या मानेला कळतं. मास्तर म्हणाला, मी तिथे बसणार नाही, मला भिंतीचा तो रंग सहन होत नाही. कंपाउंडर तर बाकाकडे निघालासुद्धा होता. तेव्हा मी त्याची बाही धरून विजेला सांगितलं, की चौथा येतोय रे, बाहेर स्कूटर लावतोय.

झालं. तिथून सगळा घोळ. चौथा येतोय म्हटल्यावर चौथ्याची ऑर्डर द्यायला हवी, आणि तुझी ऑर्डर म्हणजे काय, तर ते भोपळ्याचं सूप! अरे, हॉटेलात ऑम्लेट मिळतं, तळलेले मासे मिळतात, बटाट्याच्या काचऱ्या बऱ्या असतात, आणि अख्ख्या गावात तू एकटा माणूस, जो स्वखुशीने, पैसे देऊन, ते पिवळं सूप प्यायचास. दर मंगळवारी ते तुझ्या रिकाम्या खुर्चीपुढे येऊन वाफाळत बसायचं, आणि वीज लांबून बघत असल्यामुळे ते संपवावं लागायचं. मास्तरला भोपळा चालत नाही, कंपाउंडरला म्हणे छातीत जळजळतं, त्यामुळे ते कुणी संपवलं असेल हे तुला सांगायला नको. वीज विचारायचा, अजून स्कूटरच लावतायत का? मी म्हणायचो, जागा मिळत नाहीये, हल्ली गावात गाड्या किती झाल्यात बघ. पुढे तुझा दात दुखला, मग तू लग्नाला गेलास, मग परत दात दुखला. तुझ्या तोंडात आता एकही दात नसावा.

असं किती दिवस चालणार? म्हणून आम्ही खराखुरा चौथा शोधायला लागलो. पहिला आणला विमा एजंट. माणूस चांगला, पण सूप आल्यापासून चहा संपेपर्यंत मरणाशिवाय दुसरं काही बोलला नाही. कंपाउंडरने घाबरून तिथल्या तिथे पॉलिसी घेतली आणि मास्तरचं मासे खाण्यावरून मनच उडालं. दुसरा माझा जावई. तो जेवणाआधी प्रत्येक बशीचा फोटो काढायचा आणि आम्हाला हात मागे घ्यायला लावायचा. (माझा हात फोटोत आला तर त्याचं काय बिघडणार होतं, ते मी मुलीला विचारलं. तिने विषय बदलला.) तिसरा मास्तरचा साडू. तो एकेक घास इतका चावायचा की त्याचं जेवण होईपर्यंत आम्हाला पुन्हा भूक लागायची. मग आम्ही हॉटेलच बदलून पाहिलं. चौकात एक नवीन निघालंय, स्वस्त आहे असं ऐकलं होतं. तिथल्या खुर्च्या इतक्या उंच की आम्हा तिघांचे पाय लोंबकळत राहिले आणि कंपाउंडरला खाली उतरवायला आचाऱ्याला बोलवावं लागलं. दुसऱ्या एका ठिकाणी आपला ट्रे आपणच आणायचा आणि नंबर पुकारला की उठायचं. मास्तरला एका कानाने कमी ऐकू येतं हे त्याने अजून कबूल केलेलं नाही, त्यामुळे आमचं जेवण कुणीतरी दुसऱ्याच माणसांनी जेवलं. वर जाताना ते बरं होतं असंही सांगून गेले.

आलो परत आपल्याच हॉटेलात. आणि त्या मंगळवारी नेमके दाराशी चार जण उभे, पलीकडच्या ऑफिसातले, टेबलाची वाट बघत. वीज मालकाला घेऊन आला. मालक तुला माहीत आहे, आडदांड दिसतो पण बोलतो हळू. त्याने अगदी नम्रपणे विचारलं की तुमचे ते उंच मित्र नक्की येणार आहेत ना? मी तोंड उघडणार, मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात कंपाउंडर ताडकन उभा राहिला. त्या ऑफिसवाल्यांकडे एकदा बघितलंन आणि स्पष्ट शब्दांत सांगून टाकलंन, की लांबेसाहेब वारले.

आता तू म्हणशील, मालकाने विश्वास कसा ठेवला. अरे, हेच मी किंवा मास्तरने सांगितलं असतं तर त्याने आम्हाला बाकावर नेऊन बसवलं असतं. पण कंपाउंडर जन्मात खोटं बोललेला नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. म्हणूनच पहिल्यांदा बोलायला गेला तेव्हा एवढं मोठं बोलून बसला. सवय नाही रे त्याला. छोट्यापासून सुरुवात करायची असते, हे त्याला कळलंच नाही.

मालक तुझ्या खुर्चीवर बसला आणि रडला. खरंच रडला, लांब्या. म्हणाला, ते सूप माझ्या आईचं होतं, आणि ते मनापासून पिणारा एकच माणूस होता. रेडिओ बंद केला. आचारी आतून हात पुसत आला आणि म्हणाला, साहेबांनी कधी वाटी परत पाठवली नाही. शेजारचा न्हावी आला, म्हणाला, असं डोकं न हलवणारं गिऱ्हाईक पुन्हा होणे नाही. ते ऑफिसातले चौघे मान खाली घालून आपणहून बाकावर जाऊन बसले. तुझी एवढी स्तुती चालली होती की आपण दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय की काय, अशी मला शंका आली. मास्तरने रुमाल काढला, मीही काढला, म्हटलं वेळ निभावून न्यावी. आणि समोर तुझी ती खुर्ची, पुढे सूप, आणि टेबलावर हात आपटून हसणारं कुणी नाही. काय झालं कोण जाणे, रुमाल खरोखर ओला झाला. मी खोटं रडायला बसलो होतो, याची मला स्वतःलाच आठवण करून द्यावी लागली.

तेव्हापासून टेबल आपलं आहे. कायमचं. तुझ्या खुर्चीच्या पाठीला पितळी पट्टी बसवली आहे, 'लांबेसाहेबांची खुर्ची', (तुझं खरं आडनाव मालकाला ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही वेळेवर आठवलं नाही). दर मंगळवारी तुझ्या आठवणीसाठी आम्हा तिघांना मालकातर्फे सूप. आधी एकच वाटी होती, आता तीन! मालक स्वतः उभा राहतो, वाटी रिकामी होईपर्यंत. मास्तर भोपळा पितो. कंपाउंडर छातीवर हात ठेवून पितो, मालकाला वाटतं दुःखाने.

आणि अशात तुझं पत्र येतं की मी ठणठणीत आहे आणि मंगळवारी हजर होतो! माझ्या दुकानात तातडीने बैठक झाली. मास्तरचं म्हणणं, तू स्वतःचा जुळा भाऊ म्हणून यावंस. कंपाउंडरला आपण परगावी निघून जावं असं वाटतं, सामानही बांधलंय त्याने. तुझ्या वहिनीने चहा आणून ठेवताना एवढंच म्हटलं की तीन म्हातारे मिळून एका टेबलासाठी जिवंत माणूस घालवतात, शाबास. बायकांना टेबलाचं महत्त्व कळत नाही. मी तिला म्हटलं, तो आमच्या कोपऱ्याचा प्रश्न आहे. ती म्हणाली, कोपऱ्यात कोण बसतं हाही प्रश्न असतो, आणि आत निघून गेली.

तेव्हा एवढं ऐक. मंगळवारी स्टेशनवरून सरळ माझ्या घरी यायचं, तेही मागच्या रस्त्याने, न्हाव्याच्या दुकानावरून नको. चार दिवस घरात राहायचं. वहिनी सूप करील. ते आपल्या हॉटेलासारखं होणार नाही, पण मेलेल्या माणसाने चवीच्या तक्रारी करू नयेत. मनाला लावून घेऊ नकोस. आमचा तुझ्यावर जीव आहे, फक्त टेबल एकच आहे.

तुझा,
चष्मेवाला

ता. क. अगदीच राहवलं नाही तर जुळा भाऊ म्हणून ये. पण मग वाकून चालायचं, मिशी काढायची, हसताना टेबलावर हात आपटायचा नाही, आणि मुख्य म्हणजे सूप समोर आलं की तोंड वाकडं करायचं. हे तुला जमणार नाही, मला माहीत आहे.

ता. क. २. वरचं सगळं लिहून पाकीट खिशात घातलं, पेटीत टाकायला निघालो आणि वाटेत हॉटेलात शिरलो. एकटाच. मंगळवार नव्हता, तरी मालकाने मला बघून सूप आणलं आणि समोर बसला. म्हणाला, साहेब शेवटचे आले होते तेव्हा सूप कसं झालं होतं, काही बोलले होते का? खिशात हे पत्र, समोर ती पट्टी. मी सांगून टाकलं सगळं. सत्याची चाड वगैरे काही नाही, उगाच गैरसमज नको. मला ते सूप आणखी एक चमचाही जात नव्हतं. मालक उठला, स्क्रू ड्रायव्हर आणला, पट्टी काढली आणि विजेला हाक मारून आमचं टेबल त्या ऑफिसवाल्या चौघांना देऊन टाकलं. आम्हाला आता कायमचा बाक. बेसिनशेजारचा. मी निघालो तर मागून विचारतो कसा, मंगळवारी गाडी किती वाजता येते?

ता. क. ३. तेव्हा वर लिहिलेलं सगळं रद्द समज. पुढच्या रस्त्याने ये, न्हाव्याच्या दुकानावरून ये, मिशी ठेव. पत्र फाडून नवं लिहायचा कंटाळा आला म्हणून हेच पाठवतोय. बाकावर चौघं मावतात, मी मोजून बसून पाहिलं. फक्त तुला पाय आडवे करावे लागतील. मालकाची एक अट आहे, तू गेल्यापासूनचं सगळं सूप तू एकट्याने प्यायचं. आम्ही तुझ्या वतीने हो म्हटलंय. आणि पत्राच्या सुरुवातीला तुझी तब्येत विचारली ती रीत म्हणून. आता खरं विचारतो. ठणठणीत आहेस ना रे? पत्राने कळवू नकोस, येऊन दाखव.