आधी पेन खाली ठेवा

ती. आईला, लांबूनच पाया पडतो.

बाबा गेल्यानंतर आज पहिल्यांदा वर्गावर गेलो. मुलं सांभाळून वागली, काळजी करू नकोस.

चुंबकत्वाचं गणित घातलं होतं. क्षेत्राची दिशा उजव्या हाताच्या अंगठ्याने ठरवायची. उजव्या हातात पेन, म्हणून सगळ्यांनी डावा उचलला आणि उत्तरं उलटी आली.

"गाढवांनो, आधी पेन खाली ठेवा!" मी ओरडलो. मला शिकवताना बाबा ओरडायचे, अगदी तसाच.

"सर, आज आवाज फुटला तुमचा!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, मीही हसलो. मग फळा पुसायला वळलो आणि बराच वेळ पुसत राहिलो.

रडलास का, म्हणून तू सारखी विचारायचीस. आज रडलो. बरं वाटलं.

तू एकटीसाठी स्वयंपाक करतेस, की चहावरच भागवतेस? खरं कळव.

तुझा,
धाकटा