विहीणबाई म्हणतात

हिवरा आश्रम,
गुरुवार

प्रिय सत्यभामा,

रोज फोन होतो तरी यांना पत्र काऊन सुचलं, असं तुला वाटेल. मलाही वाटलं. बद्रुद्दीनच्या दुकानात कोरे कागद घ्यायला गेलो, तर तो म्हणाला, "कंडक्टरसाहेब, रिटायर होऊनही अर्ज करून राह्यले काय?" मी म्हटलं, तसंच समज. घरी काळजीचं काही नाही. तुळशीला पाणी घालतो, गॅसची टाकी नवी आली, वांग्याची भाजी मला आता तुझ्या खालोखाल जमते. रात्री तुझ्या दोन्ही मालिका लावतो, जेवणाआधीची आणि जेवणानंतरचीही. हे फोनवर सांगितलं नव्हतं.

जेवणाआधीच्या मालिकेचं काय झालंय, ऐक. ती थोरली सून महिनाभर दवाखान्यात बेशुद्ध पडून आहे, पण तिची लिपस्टिक पुसली गेली नाही. नर्स नाही, सलाईन बदलणारं कोणी नाही, नुसती येणारी-जाणारी माणसं उशाशी उभी राहून आपली कारस्थानं मोठ्यानं बोलतात. मी तर म्हणतो, ती शुद्धीवरच आहे, फुकटात सगळं ऐकून घेते. जेवणानंतरच्या मालिकेत तो गावाकडचा जावई आणलाय. त्याची बोली ऐकून माझं डोकं उठतं. असं कोणत्या गावात बोलतात, ते त्या लिहिणाऱ्यानं एकदा एसटीत बसून ऐकावं. गाण्याच्या कार्यक्रमात परीक्षक पोरगं गायला लागायच्या आधीच रडतात. हे सगळं मी मोठ्यानं म्हणतो. घरात ऐकायला कोणी नसतं, तरी म्हणतो.

तुला मेहकरची टॉकीज आठवते का? लग्न नवीन होतं. मी ड्यूटीवरून तसाच खाकीत यायचो, तू दारात पदर सावरत उभी असायचीस. सिनेमा सुरू झाला की माझं तोंड सुरू व्हायचं. आता हा हिच्या भावाला भेटेल, आता ती चिठ्ठी चुकीच्या माणसाच्या हाती पडेल, आता पाऊस. पुढच्या रांगेतली माणसं वळून पाहायची आणि तू मला कोपर मारायचीस. "चूप बसा ना हो," म्हणायचीस, आणि थोड्या वेळानं स्वतःच हळूच विचारायचीस, "मंग आता काय होईन?" पुढे टीव्ही आला, हर्षल झाला, तो शिकला, पुण्याला गेला, पण ते आपलं तसंच चाललं. तू पाहायचीस, मी बोलायचो. सिनेमातलं मला फार काही कळतं असं नाही. पण तू विचारायचीस, म्हणून मला कळतं असं मी धरून चाललो होतो.

थंडीत आश्रमाचा उत्सव तोंडावर आला होता, तेव्हा तू नातीसाठी पुण्याला गेलीस. आता इथं दुपारी उन्हानं रस्त्यावर पाय ठेववत नाही. सुरुवातीला फोनवर नातीच्या मालिशच्या, तिच्या सर्दीच्या गोष्टी असायच्या. मग हळूहळू त्यात विमलबाई आल्या. आपल्या सुनेची, डिंपलची आई जवळच राहते, लेकीकडे येणारच, त्याचं मला काही नाही. पण "विहीणबाई म्हणतात" हे तुझ्या तोंडी इतकं बसलं आहे की नुसता "वि" ऐकला तरी माझा घास थांबतो. विहीणबाई म्हणतात, ती मालिका आता भरकटली. विहीणबाई म्हणतात, त्या नटीचे डोळे फार बोलके आहेत. अगं, तिचे डोळे बोलके आहेत हे मी तुला मागच्या वर्षी सांगितलं होतं. तेव्हा तू म्हणालीस, "तुमाले बरे दिसतात डोळे."

मग ती कोरियाची मालिका. बाळ झोपलं की तुम्ही दोघी ती हिंदीतून पाहता म्हणे. तू सांगितलंस की त्यातला मुलगा किती समजूतदार आहे, किती हळू बोलतो. मी बद्रुद्दीनकडून ती मोबाइलवर लावून घेतली. त्याची सुगराबी आधीपासून पाहते, तिला सगळ्यांची नावंसुद्धा पाठ आहेत. मी पाहिली. चांगली आहे, नाही म्हणत नाही. त्या लोकांची जेवणाची ताटं मला आवडली. पण तो समजूतदार मुलगा काही केल्या मनातलं बोलत नाही. छत्री धरतो, बुटाची नाडी बांधतो आणि बघत राहतो. ती बिचारी दुसऱ्याशी साखरपुडा करायला निघाली तरी हा बघतोच. यात समजूतदार काय आहे? त्याला पाहून मला राग राग येतो. अर्धा राग त्याचा, अर्धा विमलबाईंचा, कारण त्याची तारीफ त्यांनीच तुला शिकवली.

आणि मागच्या महिन्यात त्या तुला मोठ्या थिएटरात घेऊन गेल्या. म्हाताऱ्या पोस्टमास्तरचा तो सिनेमा. त्या रात्री तू फोनवर म्हणालीस, "आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून रडलो." मी 'अस्सं' म्हटलं आणि लाइट गेली असं सांगून फोन ठेवला. लाइट गेली नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी मी खामगावला निघालो. मेहकरात गाडी बदलली, उन्हात उभा राहिलो, एवढं करून तोच सिनेमा पाहिला. पाहायचं हे होतं की रडण्यासारखं त्यात आहे तरी काय. पोस्टमास्तरची बायको वारलेली, हा एकटा. घर आरशासारखं लख्ख. एकट्या माणसाच्या घरात ओट्यावर खरकटं भांडं नाही, हे मला पटलं नाही. मग एका ठिकाणी तो भिंतीकडे निघाला, आणि मी सवयीनं डावीकडे कललो आणि म्हणालो, "पाह्यजो, आता हा फोटोशी बोलीन."

बाजूला एक कॉलेजातला पोरगा होता. त्यानं कानातला इअरफोन काढला. "काका, मले म्हन्लं काय?"

"नाही बा," मी म्हटलं.

पोस्टमास्तर फोटोशी बोललाच. पुढचं मला नीट दिसलं नाही. रडलो नाही, पण दिसलं नाही.

घरी आलो, हातपाय धुतले आणि तुला फोन लावला. परतीच्या गाडीत सगळं जुळवून ठेवलं होतं, त्या लख्ख ओट्यापासून फोटोपर्यंत. तू फोन उचललास आणि स्पीकरवर टाकलास, कारण हातात बाळ होतं. मी सिनेमाचं नाव काढलं तशा विमलबाईच बोलल्या, "तो फोटोचा प्रसंग किती तरल होता ना, व्याही?" आणि मी म्हणालो, "हो, छान होता." सत्यभामा, आयुष्यात पहिल्यांदा सिनेमाबद्दलचं माझं मत मी गिळलं. तू लांबून म्हणालीस, "तुमाले आवडला? तुमाले?" आणि हसलीस. ते हसणं मला चांगलं ओळखता येतं. त्यात त्या बाईचंही हसणं मिसळलेलं होतं. बाई वाईट नाही, उगाच कशाला खोटं बोलू. तुला गुडघ्याचं तेल त्यांनीच आणून दिलं. त्या वाईट असत्या तर मला बरं पडलं असतं.

हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. सोमवारी हर्षलचा फोन आला होता. म्हणाला, "बाबा, पोरगी चालायले लागेपर्यंत आईले इथंच ठेवायचं म्हणतो. आई म्हणते, बाबाले विचार." मी लगेच म्हणालो, "राहू दे ना. मी मस्त आहे." पोरगा खूश झाला. तेव्हापासून मी एकाच गोष्टीशी अडून बसलो आहे. 'बाबाले विचार' असं तू का म्हणालीस? तुला राहायचं होतं, की मी नाही म्हणावं असं वाटत होतं? मालिकेतल्या कोणत्या बाईच्या मनात काय आहे, ते मी इतकी वर्षं तुला आधी सांगत आलो. तुझ्या मनातलं मला सांगता येईना. म्हणून विचारतो. राहायचं असेल तर राहा, मी रागावणार नाही. हे खोटं आहे, रागावीन, पण राहा. फक्त हर्षलला मी जे सांगितलं, ते खरं धरून ठरवू नकोस. मी मस्त नाही. मले इथं तुझ्याबिगर करमत नाही.

तुझाच,
हिंमत