पन्नी न काढलेल्या खाटा

४ मे
आज आलो. सूरतच्या लूमवर सहा वर्षं कान फुटेस्तोवर खटलो, त्याच्यापुढं इथी काय शांत हाय! नांदगाव पेठच्या पुढं पत्र्याचं लांबच लांब शेड, कोविड केंद्राचं. शंभर लोखंडी खाटा, शंभर गाद्या. कोरोनात सरकारच्या पैशानं घेतल्या, अजून वरची प्लास्टिकची पन्नीही काढली नाही. माझं काम गेट सांभाळाचं अन् धूळ पुसाची. कूलर हाय, टाकीचं पाणी थंडगार. आंघोळ करता करता गाणं म्हटलं तं आवाज शेडभर फिरून आला.
ठेकेदार उत्तमराव महिन्यातून एकदा येते म्हणतात. मी त्याच्यासाठीच आलो. २०२१ ले माझी लहान बहीण हर्षा ह्याच गेटासमोर मेली. हे वहीले सांगतो, दुसऱ्या कोणाले नाही.

६ मे
जुना चौकीदार शेषराव डबा घेऊन आला. त्याले देशी पाजली तेव्हा बोलला. त्या साली बिमार माणूस गेटावर आला का हा नाव, गाव, आधार लिहून घ्याचा. लोकाले वाटे, नाव लिहिलं म्हणजे खाट भेटली. मंग हा म्हणाचा, फुल हाय, जा. संध्याकाळी तेच नाव उत्तमराव रजिस्टरात खाटेवर चढवाचा. औषध देल्लं, जेवण देल्लं, बरा होऊन घरी गेला. बिल निघाचं. आमची हर्षा सदतीस नंबरवर बरी झाली.
बाबानं तिले अकोल्याहून भाजीच्या गाडीत आणली होती. दुपारी दोनले गेटासमोरच्या लिंबाखाली श्वास सरला. अकोल्यातच प्रायवेटमध्ये टाकत होते तिले. मीच सूरतहून फोनवर वरडलो, सरकारी खाट फुकट असून पैसे काहून जाळता? पेपरात तसंच आलं होतं.
शेषराव म्हणला, "म्या काय केलं बापू? मी तं नुसता लिहिणारा." मी त्याचा पेला भरला. त्याची पाळी नंतर.

९ मे
पुसता पुसता सदतीसवर थांबलो. पन्नीवर दव धरलं होतं. फडकं मारलं, जाईना. आतून हाय. उशीच्या जागी, तोंडाएवढं. बाहेर उन्हानं पत्रा तडतडून राहिला अन् इथी दव.

११ मे
आज बावीस खाटांवर. दोनले धरते, तीनले सुकते. मी भ्यायलो नाही. जवळ बसून म्हटलं, हर्षे, तो येऊन राहिला, थांब.

१३ मे
उत्तमराव आला. पांढरी गाडी, अत्तराचा वास. पुढच्या बिमारीच्या तयारीसाठी आपल्या केंद्राले पुन्हा पैसा मंजूर झाला, उद्या तपासणीचे साहेब पाहाले येणार. बडनेऱ्याहून चाळीस मजूर आणून बिमार म्हणून खाटांवर निजवतो म्हणला. मले म्हणे, "झोपाची मजुरी देऊन राहिलो लेका! तुह्या बापानं देल्ली होती का कोणाले?" अन् खदखदा हसला.
तो हसत होता तेव्हा त्याच्या मागं पन्न्या खाली-वर होऊन राहिल्या होत्या. एकामागून एक. सदतीसपासून.
माझ्या कमरेले विळा होता. काढलाच नाही. मले वाटलं, माझ्या हाताची गरज नाही.

१४ मे
मजूर निजले. बरोब्बर दोनले पार्बताबाई नावाची म्हातारी किंचाळत उठली. "खाटेत आधीचंच कोणी हाय, मले म्हणते सरक!" सारे पळाले, चपला सोडून पळाले. साहेबाची गाडी वाटेत. उत्तमराव शिव्या देत आत शिरला. "भुतं? हे पाय, मीच झोपतो!" अन् पडला तो नेमका सदतीसवर.
मी बाहेर आलो. कडी लावली.

अडीच
दाराले पाठ लावून लिहून राहिलो. तो दार ठोकत नाही. उठताच येत नसन. फक्त विचारते— हवा कुठी हाय, हवा— हर्षानंही असंच विचारलं होतं, बाबा सांगत होते— मी हसलो. पाच वर्षांनी हसलो—

पावणेतीन
आत शांत. मंग शंभर पन्न्या एकदम चरचरल्या— पायांचा आवाज— लय पाय—

तीन
दव सुकाले पाहिजे होतं. सुकलं नाही. वहीचं पान ओलं होऊन राहिलं, शाई फुटते— दार बंद हाय, कडीवर माझाच हात हाय, तरी कानाशी कोणी धापा टाकते— तीच. रागात नाही. विचारते, दादा, बाबा तं मले प्रायवेटमध्ये नेऊन राहिले होते, मंग—
हर्षे, मी तं तुह्यासाठीच— पैशापायी नाही गं, मले वाटलं